ओळख पटवण्याचा खर्च

बीड जिल्ह्यात परळी-अंबाजोगाईच्या परिसरात धर्मापुरी हे गाव आहे. तिथला किल्ला आणि चालुक्यकालीन केदारेश्वराचं मंदिर यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते चांगलं ठाऊक असतं. तमिळनाडूत धर्मपुरी नावाचा अख्खा जिल्हा आहे. तेलंगणात गोदावरीच्या काठी, नरसिंहाच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेली आणखी एक धर्मपुरी आहे. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी धरमपुरी आहे. परळीच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला यातली कोणती धर्मापुरी, हे विचारावं लागत नाही. संगणकाला मात्र दर वेळी सांगावं लागतं आणि तेही तंतोतंत. एक काना गळला की त्याच्या लेखी गाव बदललं.

प्रोग्राममध्ये नाव आणि त्या नावाची माहिती जोडीनं ठेवायची असेल, तर जी रचना सर्रास वापरतात तिला डिक्शनरी म्हणतात. पायथनमध्ये तिचं नाव ‘डिक्ट’, जावामध्ये ‘हॅशमॅप’, सी-शार्पमध्ये ‘डिक्शनरी’. ज्यावरून शोधायचं ती ‘की’ आणि जे हाती लागतं ती ‘व्हॅल्यू’. गावाचं नाव ही की. तालुका, सजा, लोकसंख्या ही व्हॅल्यू. ही रचना इतकी चपळ असते की प्रोग्राम लिहिणारे तिच्या वेगाचा वेगळा विचार करत नाहीत. पण तिचा सगळा वेग एका अटीवर उभा आहे. दोन की सारख्या आहेत की वेगळ्या, हे अगदी थोड्या कामात ठरलं पाहिजे. ते ठरवणं महागलं की तीच डिक्शनरी रखडू लागते. देवनागरी मजकुराच्या बाबतीत असं होण्याच्या जागा जास्त आहेत, आणि त्या मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला माहीत असायला हव्यात.

कप्प्यांची युक्ती

महाराष्ट्रातली गावं चव्वेचाळीस हजारांच्या घरात आहेत. त्यांची एक सरळ यादी केली आणि तीत धर्मापुरी शोधायची म्हटली, तर पहिल्या नावापासून एकेक नाव ताडून पाहावं लागतं. सरासरीनं निम्मी यादी, म्हणजे बावीस हजार नावं तपासून होतात. एक लाख अर्जांवरची गावं अशा पद्धतीनं शोधली तर २२० कोटी तुलना कराव्या लागतील.

टपाल खात्यापुढेही याच जातीची अडचण होती. एकाच नावाची अनेक गावं, पत्त्यांच्या निरनिराळ्या भाषा आणि लिप्या, वाचायला कठीण हस्ताक्षरं, यांतून पत्रं वेगळी काढायची कशी? त्यावरचं उत्तर शोधणारे टपाल खात्यातले अधिकारी मराठी होते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्यांचं नाव. संस्कृतातले नाटककार आणि कवी म्हणूनही ते ओळखले जातात. त्यांनी आखलेली पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा अंकांपैकी पहिला अंक मोठा विभाग सांगतो, पहिले दोन उपविभाग, पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक त्यातलं टपाल कार्यालय. बीडचा पिन ४३११२२, अंबाजोगाईचा ४३१५१७. पत्र छाटणाऱ्याला गावाचं नाव वाचण्याआधीच ते कोणत्या कप्प्यात टाकायचं हे कळतं. नाव वाचण्याची वेळ येते ती थेट शेवटच्या टप्प्यावर, मोजक्या पत्रांपुरती.

डिक्शनरी नेमकं हेच करते. ही कल्पना आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये मांडली. कीवर एक ठरावीक गणिती क्रिया करायची आणि तिच्यातून एक आकडा काढायचा. या आकड्याला ‘हॅश’ म्हणतात. हॅशवरून कप्पा ठरतो आणि त्या कप्प्याला ‘बकेट’ म्हणतात. चव्वेचाळीस हजार गावं पुरेशा बकेटमध्ये नीट विखुरली, तर एकेका बकेटमध्ये एखाददुसरंच नाव येतं. मग बावीस हजार तुलनांच्या जागी एक-दोन तुलनांत काम होतं.

यात एक बारकावा आहे आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एका पिन कोडाखाली अनेक गावं येतात, म्हणून पिन सारखा असला तरी गाव सारखं असेलच असं नाही. हॅशचंही तसंच. दोन की सारख्या असतील तर त्यांचे हॅश सारखे असलेच पाहिजेत. पण हॅश सारखे आले म्हणून की सारख्या ठरत नाहीत. हॅश वेगळे निघाले तर की निश्चित वेगळ्या आणि काम तिथंच संपलं. हॅश सारखे निघाले तर मात्र दोन्ही की अक्षर न् अक्षर ताडून पाहाव्या लागतात.

एक शोध जवळून पाहू. ‘धर्मापुरी’ हा शब्द युनिकोडमध्ये नऊ चिन्हांचा आहे: ध, र, हलन्ताचं चिन्ह, म, काना, प, उकार, र आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे शब्दाचे सत्तावीस बाइट झाले. पायथन या मजकुराचा हॅश काढतं आणि तो त्या मजकुरासोबतच जपून ठेवतं, म्हणजे तोच मजकूर पुन्हा शोधला तर पुन्हा गणित नको. मग बकेटमध्ये पोचल्यावर आधीच्या कीचा साठवलेला हॅश आणि नवा हॅश ताडतं. ते जुळले तरच दोन्ही मजकूर खरोखर समोरासमोर येतात, आणि स्मृतीतला तो एकच मजकूर असेल तर अक्षरं न वाचताच होकार मिळतो. महागडी तुलना शक्य तितकी शेवटी ढकलायची, अशी ही आखणी आहे. हा क्रम आपल्या हातून मोडला की डिक्शनरीचा वेग जातो.

सगळी गावं एकाच कप्प्यात

क्रम मोडण्याची पहिली तऱ्हा म्हणजे हॅश कीच्या चुकीच्या भागावरून काढणं. पिन कोडकडे पाहा. बीड आणि अंबाजोगाई दोन्हींचे पहिले तीन अंक ४३१. एखाद्यानं फक्त पहिल्या तीन अंकांवरून कप्पे केले, तर या भागातली सगळी पत्रं एकाच कप्प्यात साचतील आणि कप्पे करून काहीही साधणार नाही.

प्रोग्राममध्ये हे अगदी नकळत घडतं. सी-शार्पमध्ये ‘जिल्हा’ आणि ‘गाव’ असे दोन घटक असलेला ‘स्ट्रक्ट’ तयार केला आणि तोच की म्हणून वापरला, असं समजा. हॅश कसा काढायचा आणि समानता कशी ठरवायची हे प्रोग्रामरनं लिहून दिलं नाही, तर सी-शार्प ज्यावर चालते ती डॉटनेट यंत्रणा आपली सर्वसाधारण पद्धत वापरते. मजकुराचे घटक असलेल्या स्ट्रक्टमध्ये ही पद्धत पहिल्याच भरलेल्या घटकावरून हॅश काढते. पहिला घटक जिल्हा, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांचा हॅश एकच आला. हजार गावं डिक्शनरीत भरताना प्रत्येक नवं गाव आधीच्या सगळ्यांशी ताडलं जातं आणि जवळपास पाच लाख तुलना होतात. शिवाय ही सर्वसाधारण तुलना साधी नसते. ती स्ट्रक्टचे घटक कोणते हे प्रोग्राम चालू असताना धुंडाळते, आणि तुलनेसाठी स्मृतीत त्याची वेगळी प्रतही करते. उत्तर बरोबर येतं, चूक कुठे दिसत नाही, फक्त काम संथ चालतं. म्हणून अशी चूक वर्षानुवर्षं टिकते. उपाय दहा-बारा ओळींचा आहे: दोन्ही घटकांवरून हॅश काढणारी आणि दोन्ही घटक थेट ताडणारी व्याख्या आपण स्वतः लिहायची.

खुद्द भाषा घडवणाऱ्यांच्या हातूनही हे घडलं आहे. जावाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत पंधरापेक्षा जास्त अक्षरांच्या मजकुराचा हॅश काढताना सगळी अक्षरं न घेता मधलीमधली थोडी घेत. हॅश लवकर निघावा हा हेतू होता. पण इंटरनेटवरचे लांबलचक पत्ते एकसारखे सुरू होतात आणि त्यांतला फरक नेमका सुटलेल्या अक्षरांत असायचा. ढीगभर पत्ते एकाच बकेटमध्ये जमू लागले. जावा १.२ पासून सगळी अक्षरं धरायला सुरुवात झाली. हॅश काढताना वाचवलेला वेळ पुढे तुलनेत कितीतरी पटींनी भरावा लागतो, हा धडा तिथं मिळाला.

‘दश’ आणि ‘धग’

सगळी अक्षरं धरली तरी टक्कर टळत नाही. जावा मजकुराचा हॅश असा काढते: आतापर्यंतच्या आकड्याला ३१ नं गुणायचं आणि पुढच्या अक्षराचा युनिकोड क्रमांक मिळवायचा. कागद-पेन्सिल घेऊन हे करून पाहता येतं.

‘दश’ हा शब्द घ्या. द चा क्रमांक २३४२, श चा २३५८. २३४२ गुणिले ३१ म्हणजे ७२६०२, त्यात २३५८ मिळवले की ७४९६०. आता ‘धग’. ध चा क्रमांक २३४३, ग चा २३२७. २३४३ गुणिले ३१ म्हणजे ७२६३३, त्यात २३२७ मिळवले की पुन्हा ७४९६०. पहिलं अक्षर एकानं पुढे गेलं की बेरीज ३१ नं वाढते; दुसरं अक्षर ३१ नं मागे आणलं की ती वाढ फिटते. याच हिशेबानं ‘यश’ आणि ‘रग’ यांचा हॅश एक येतो, आणि ‘ओळख’ आणि ‘ओलव’ यांचाही.

दोन शब्दांची टक्कर निरुपद्रवी आहे. पण आता हे तुकडे जोडत जा. ‘दशदश’, ‘दशधग’, ‘धगदश’, ‘धगधग’ या चौघांचा हॅश एकच. असे दहा तुकडे जोडले तर १,०२४ मजकूर तयार होतात, सोळा जोडले तर ६५,५३६, आणि प्रत्येक मजकूर अवघ्या बत्तीस अक्षरांचा. हे सगळे मजकूर कुणी मुद्दाम एखाद्या सर्व्हरकडे पाठवले आणि सर्व्हरनं ते एकाच बकेटमध्ये एकामागोमाग साखळीसारखे ओवले, तर होणाऱ्या तुलना २१४ कोटींच्या पुढे जातात. त्यातही वाईट भाग असा की हॅश पूर्णपणे सारखे असल्यामुळे स्वस्त तुलनेवर काही भागत नाही. प्रत्येक वेळी अक्षरं ताडावी लागतात. काही मेगाबाइटांचा मजकूर सर्व्हरला बराच वेळ अडकवून ठेवू शकतो.

हा धोका राइस विद्यापीठातल्या स्कॉट क्रॉसबी आणि डॅन वॉलक यांनी २००३ मध्ये शोधनिबंधातून दाखवून दिला होता. तरी बहुतेकांनी तो मनावर घेतला नाही. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि ज्युलियन वेल्डे यांनी पीएचपी, जावा, पायथन, रुबी आणि एएसपी डॉटनेट यांच्यावर हा हल्ला कसा लागू पडतो हे उघड केलं, तेव्हा सगळ्यांची धावपळ उडाली. पायथननं ३.३ या आवृत्तीपासून प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू होताना एक गुप्त आकडा निवडून हॅशमध्ये मिसळायला सुरुवात केली. आज ‘धर्मापुरी’चा जो हॅश येईल तो प्रोग्राम पुन्हा चालवल्यावर येणार नाही, म्हणून टक्कर देणारे शब्द बाहेर बसून आधी तयार करता येत नाहीत. २०१२ मध्ये ओमासों आणि बर्नस्टाइन यांनी खास या कामासाठी ‘सिपहॅश’ ही पद्धत दिली. पायथननं ती ३.४ मध्ये स्वीकारली. जावानं वेगळा मार्ग घेतला. आठव्या आवृत्तीपासून एखाद्या बकेटमधली साखळी फार लांबली की तिचा क्रमवार वृक्ष केला जातो, म्हणजे हजारो तुलनांऐवजी दहा-पंधरांत निभावतं.

कऱ्हाड लिहिण्याच्या तीन रीती

आतापर्यंतच्या अडचणी कोणत्याही भाषेच्या मजकुरात येतात. पुढची खास मराठीची आहे.

‘कऱ्हाड’ हा शब्द पाहा. त्यातला अर्धा र हिंदीत लागत नाही, म्हणून तो टंकित करण्याची वाटही सरळ नाही. युनिकोडमध्ये तो तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. पहिला प्रकार: २३५३ क्रमांकाचं ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्ताचं चिन्ह, मग ह. दुसरा प्रकार: २३५२ क्रमांकाचा साधा र, त्याला २३६४ क्रमांकाचा नुक्ता, मग हलन्त, मग ह. तिसरा प्रकार: साधा र, हलन्त, मग ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह, मग ह. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात. आत मात्र पहिल्यात सहा चिन्हं आहेत, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात सात. बाइट मोजले तर अठरा, एकवीस आणि एकवीस.

डिक्शनरीच्या दृष्टीनं या तीन निरनिराळ्या की आहेत. एका कीबोर्डवरून भरलेली कऱ्हाडची नोंद दुसऱ्या कीबोर्डवरून शोधताना सापडत नाही. समोर दोन्ही शब्द एकसारखे दिसत असताना ‘नोंद उपलब्ध नाही’ असा संदेश येतो आणि समोरच्या माणसाला वाटतं की आपलंच काही चुकलं. उलट श आणि ल ही अक्षरं मराठी वळणानं लिहा किंवा हिंदी वळणानं, आत क्रमांक एकच असतो. तो फरक फक्त फॉन्टचा. म्हणजे पडद्यावरच्या रूपावर विसंबून की सारखी आहे की नाही हे ठरवता येत नाही.

युनिकोडनं यासाठी ‘नॉर्मलायझेशन’ ही सोय दिली आहे. तीत मजकूर एका ठरावीक रूपात आणला जातो. एनएफसी या रूपात आणल्यावर र आणि नुक्ता मिळून ऱ होतो, म्हणजे दुसरा प्रकार पहिल्यात विलीन होतो. तिसरा मात्र होत नाही, कारण युनिकोडच्या लेखी तो वेगळा मजकूर आहे. जुन्या आवृत्त्यांतली रीत म्हणून तो केवळ चालवून घेतला आहे. ‘ॲ’चीही अशीच गत आहे. २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये त्याला २४१८ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. त्याआधी अ ला अर्धचंद्र जोडून तो लिहीत, आणि ही दोन रूपंही नॉर्मलायझेशननं एक होत नाहीत. मराठीसाठी हे नियम आपले आपणच लिहावे लागतात.

लिहिताना क्रम सांभाळायला हवा. न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा, असं समजून पुष्कळ प्रोग्राम ती सरसकट पुसतात. तिसऱ्या प्रकारच्या कऱ्हाडमधलं जोडचिन्ह पुसलं की अर्ध्या र चा रफार होऊन तो ह च्या डोक्यावर जातो. दऱ्या, वाऱ्या, तऱ्हा या सगळ्यांचं असंच होतं. म्हणून आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या त्रयीच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचं, आणि त्यानंतरच उरलेली न दिसणारी चिन्हं काढायची.

पुष्कळांचा पुढचा विचार असा असतो की तुलनाच थोडी सैल करू, म्हणजे ताडतानाच तिन्ही कऱ्हाड एक मानता येतील. यात दोन खड्डे आहेत. समानतेची व्याख्या सैल केली आणि हॅशची तशीच ठेवली, तर तीन रूपं तीन बकेटमध्ये जातात आणि एकमेकांसमोर येतच नाहीत. सैल तुलना मग कधी वापरलीच जात नाही. दोन्ही व्याख्या सैल केल्या, तर उत्तर बरोबर येतं पण प्रत्येक शोधात, आणि प्रत्येक तुलनेत दोन्ही बाजूंच्या मजकुराचं नॉर्मलायझेशन नव्यानं होतं. जो खर्च एकदा करून भागलं असतं तो लाखो वेळा होतो.

क्रम लावणं वेगळं, ओळखणं वेगळं

तुलनेचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते. एक प्रश्न असतो: या दोन की एकच आहेत का? दुसरा असतो: यातली आधी कोणती लावायची? मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो ल च्या लगेच पुढे आहे. म्हणून गावांची यादी मराठी क्रमानं छापायची तर भाषेचे नियम जाणणारी तुलना लागते. ती प्रत्येक अक्षराला तक्त्यातून वजन देते, जोडाक्षरांचा विचार करते, आणि साध्या बाइट-तुलनेपेक्षा कितीतरी संथ असते.

छापील यादीसाठी हा खर्च योग्यच आहे. पण हीच भाषा जाणणारी तुलना डिक्शनरीत की ओळखण्यासाठी बसवली, तर प्रत्येक शोधात तो तक्ता उघडला जातो. सी-शार्पमध्ये डिक्शनरी तयार करताना तुलनेची पद्धत निवडता येते. तिथं ‘ऑर्डिनल’, म्हणजे निव्वळ क्रमांकांची तुलना घ्यावी. लहान-मोठी लिपी एक मानणारी पद्धत देवनागरी कीसाठी निरर्थक आहे, कारण आपल्या लिपीत तो भेदच नाही.

क्रमवार वृक्षावर उभ्या असलेल्या डिक्शनरीत आणखी एक खर्च दडलेला असतो. तिथं हॅश नसतो, प्रत्येक शोधात वरून खाली उतरत तुलना कराव्या लागतात. चव्वेचाळीस हजार गावांसाठी त्या सुमारे सोळा होतात. आता की ‘महाराष्ट्र/बीड/धर्मापुरी’ अशी लांब ठेवली, तर पहिले एक्केचाळीस बाइट जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला सारखेच. शोध जसजसा गावाच्या जवळ पोचतो तसतसे शेजारी बीड जिल्ह्यातलेच असतात, आणि प्रत्येक तुलना हे सगळे बाइट ओलांडून मग पहिल्या फरकाशी पोचते. की उलटी लावली, ‘धर्मापुरी/बीड/महाराष्ट्र’ अशी, तर फरक सुरुवातीलाच सापडतो. मात्र एका जिल्ह्याची गावं एकत्र हवी असतील तर पहिलीच मांडणी सोयीची. कोणता प्रश्न जास्त वेळा विचारला जाणार आहे, यावर की कशी बांधायची हे ठरतं.

जवळपासची नावं

लिहिण्यातले फरक कीबोर्डपुरते थांबत नाहीत. अंबाजोगाई कुणी आंबेजोगाई लिहितो, कऱ्हाड कुणी कराड. हैदराबाद संस्थानाच्या इंग्रजी कागदांत बीड ‘भीर’ म्हणून येतं. यांना कोणताही नियम एक करू शकत नाही. मग अंदाजे जुळवणी आठवते. एका नावातून दुसरं नाव मिळवायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात हे मोजायचं. रशियन गणिती लेवेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेलं हे अंतर उपयोगी आहे, पण ते काढायला दोन्ही नावांच्या लांबींच्या गुणाकाराइतकी घरं भरावी लागतात. नऊ-नऊ चिन्हांच्या दोन नावांना एक्क्याऐंशी घरं. एक नाव चव्वेचाळीस हजार नावांशी असं ताडलं तर पस्तीस लाखांहून अधिक. इथं हॅशचा काही उपयोग नाही, कारण जवळपासच्या नावांचे हॅश जवळपास नसतात. डिक्शनरी असूनही आपण पुन्हा सरळ यादीवर येतो, तेही प्रत्येक तुलना शेकडो पटींनी महाग करून.

आणि उत्तर चुकण्याचा धोका राहतोच. ‘धर्मापुरी’ आणि ‘धर्मपुरी’ यांत फक्त एका कान्याचं अंतर आहे. अंदाजाच्या हिशेबात त्याहून जवळची दोन वेगळी नावं असू शकत नाहीत. प्रत्यक्षात एक गाव मराठवाड्यातलं आणि एक तमिळनाडूतलं. अशी जुळवणी यंत्रानं परस्पर करू नये. आधी तंतोतंत शोध घ्यावा, तो फसला तरच अंदाज वापरावा, आणि यंत्रानं सुचवलेलं नाव माणसानं एकदा पाहून पक्कं करावं. पक्कं झालेलं रूप पर्यायी नावांच्या वेगळ्या डिक्शनरीत टाकलं की तो प्रश्न पुन्हा उभा राहत नाही.

आत येतानाच ठरवावं

या सगळ्या अडचणींचं मूळ एक आहे. कीची ओळख नेमकी कशात आहे हे आधी ठरवलेलं नसतं, म्हणून ते प्रत्येक शोधात नव्यानं ठरवावं लागतं. उपायही त्यामुळे एकच राहतो. मजकूर प्रोग्राममध्ये जिथून आत येतो, म्हणजे फॉर्म, फाइल किंवा दुसरी यंत्रणा, तिथंच त्याला एकदा ठरावीक रूप द्यावं: मराठीचे आपले नियम लावावे, एनएफसी करावं, कडेच्या मोकळ्या जागा काढाव्या, अंक देवनागरी असोत की इंग्रजी, एकाच पद्धतीत आणावे. त्यानंतर आत सगळीकडे निव्वळ बाइटांची तुलना पुरते. माणसानं लिहिलेलं मूळ रूप मात्र वेगळं जपून ठेवावं आणि त्याला दाखवताना तेच दाखवावं. कुणी कऱ्हाड लिहिलं असेल तर त्याच्या दाखल्यावर यंत्राच्या सोयीसाठी कराड छापण्याचा अधिकार प्रोग्रामरला नाही.

जिथं शक्य आहे तिथं नावाऐवजी क्रमांक की करावा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतही गावागावाला क्रमांक आहेत. दोन पूर्णांकांची तुलना हे प्रोसेसरचं सर्वांत स्वस्त काम. शिवाय नावं बदलतात. औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे जिल्हे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगर अहिल्यानगर झालं. ज्यांच्या डिक्शनरीत जिल्ह्याचं नावच की होतं त्यांना जुन्या-नव्या नोंदी सांधत बसावं लागलं. ज्यांच्याकडे क्रमांक होता त्यांनी फक्त व्हॅल्यू बदलली.

लहान सवयींनीही फरक पडतो. की आहे का हे आधी विचारायचं आणि मग तीच की पुन्हा मागायची, यात एक शोध दोनदा होतो. बहुतेक भाषांत दोन्ही एका हाकेत करण्याची सोय असते. डिक्शनरी हाताशी असताना तिच्यातल्या सगळ्या की ओळीनं फिरवून ताडणं म्हणजे तिचा उपयोगच सोडून देणं. आणि वेगाबद्दलचं कोणतंही अनुमान मोजून पाहिल्याशिवाय खरं मानू नये. प्रोफायलर चालवावा आणि वेळ हॅश काढण्यात जातो, तुलनेत जातो की भलतीकडेच, हे पाहावं.

मोजताना चाचणीसाठी आपली नावं घ्यावीत. पुस्तकांतली उदाहरणं इंग्रजी नावांची असतात आणि ती वापरून प्रोग्राम तपासला तर यातली निम्मी अडचण दिसतच नाही. तिन्ही तऱ्हांचं कऱ्हाड, दोन तऱ्हांचा ॲ, काना असलेली आणि नसलेली धर्मापुरी, एकाच हॅशचे ‘दश’ आणि ‘धग’, एकाच जिल्ह्यातली हजार गावं, एवढा संच प्रत्येक मराठी प्रणालीच्या चाचणीत कायमचा असावा. तो तयार करायला एक दुपार पुरते. तो नसला तर त्याची किंमत शेवटी खिडकीपुढे उभा असलेला शेतकरी मोजतो. त्याच्या गावाचं नाव पडद्यावर बरोबर दिसत असतं आणि नोंद मात्र सापडत नसते.